घरी जेल ब्लॉक बनवताय? निदान या चुका तरी टाळा

इकडे टेक्सासात आमच्या शूटिंग रेंजवर अधूनमधून कोणीतरी नवा भिडू येतो, जिलेटिनचा घरगुती ब्लॉक (गोळी अंगात किती खोल जाईल याचा अंदाज घ्यायला मांसाऐवजी वापरतात तो) टेबलावर ठेवतो, त्यात ९ एमएमचा होलो पॉइंट (टोकाला भोक असलेली, आत शिरल्यावर फुलणारी गोळी) मारतो आणि संध्याकाळी ग्रुपवर टाकतो की अमुक गोळी भंगार आहे. अरे बाबा, गोळी ठीक आहे, तुझा ब्लॉक भंगार आहे.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे जिलेटिन उकळणं. आमच्यातलाच एक आयटीवाला, डोक्याने हुशार, पण धीर म्हणून नाही. पाण्याला उकळी आणली, पावडर ओतली, गुठळ्या झाल्या म्हणून हँड ब्लेंडर फिरवला, एक रात्र फ्रीजमध्ये ठेवून सकाळी ब्लॉक तसाच गाडीच्या डिकीत, ना कूलर ना बर्फ, आणि वर जुलैच्या उन्हात टेबलावर ठेवून हा गप्पा मारत बसला. गोळी १६ इंचाचा ब्लॉक आरपार करून मागच्या मातीत गेली. गडी खूष, म्हणे काय पेनिट्रेशन आहे! मी त्याच ब्लॉकवर बीबी गन (छर्ऱ्यांची एअर गन) चालवली तर छर्रा पार १३ सेंटीमीटरवर जाऊन बसला.

तो किती जायला हवा? ४.५ एमएमचा स्टीलचा छर्रा, सेकंदाला ५९० फुटांच्या आसपास वेग, तर साधारण साडेआठ सेंटीमीटर, एखादा सेंटीमीटर इकडेतिकडे. बसला तर ब्लॉक खरा, नाहीतर तुमचे आकडे तुमच्यापाशीच ठेवा. हे न करता इंच मोजणाऱ्यांशी मी वादच घालत नाही. क्रोनोग्राफ (वेग मोजायचं यंत्र) नसेल तर कोणाचा तरी मागून आणा, पण हा टप्पा गाळू नका.

माझी पद्धत सांगतो. थंड पाण्यात पावडर भुरभुरायची, पावडरीवर पाणी ओतायचं नाही. दोनेक तास फ्रीजमध्ये फुगू द्यायची, मग ती बादली गरम पाण्यात ठेवून हळूहळू वितळवायची, ६० डिग्रीच्या वर अजिबात नाही. ढवळायचं लाकडी डावाने, सावकाश. वरचा फेस काढून टाकायचा, दालचिनीच्या तेलाचे चार थेंब टाकायचे म्हणजे बुरशी लवकर धरत नाही. मग दोन दिवस ४ डिग्रीला. घाईवाले इथेच गळतात. रेंजवर न्यायचा कूलरमधून, बाहेर काढला की लगेच शूट करायचा.

प्रमाण वजनाने १० टक्के, म्हणजे एक किलो पावडरला नऊ किलो पाणी, दहा नाही.

आपली शाकाहारी मंडळी हमखास विचारतात, चायना ग्रास चालेल का? नाही. ते ठिसूळ असतं, गोळी लागली की तडकतं, ताणलं जाऊन परत येत नाही. यात वापरतात ते जिलेटिन बहुतेक डुकराच्या कातडीचं असतं, चालत नसेल तर सिंथेटिक क्लिअर जेल घ्या, वितळवून पुन्हा वापरता येतं, फक्त त्यातले आकडे जिलेटिनच्या आकड्यांशेजारी मांडू नका.

पाण्याचे कॅन गोळी फुलते का हे बघायला उत्तम आणि स्वस्त, पण पाण्यात गोळी जेलपेक्षा खोल जाते, त्यामुळे 'तीन कॅन फाडले' याला खोली म्हणू नका. ओले पेपर वापरायचे तर रात्रभर भिजवा, वरवर शिंपडलेले नकोत. मातीत भलंमोठं भगदाड पडतं कारण माती ताणलेलीच राहते, फोटोला छान, बाकी शून्य.

आणि गोळी जेलमध्ये १२ ते १८ इंच जायला हवी हे एफबीआयचं मोजमाप कुठून आलं हे तरी वाचा. १९८६ ला मायामीच्या चकमकीत एफबीआयच्या एजंटची ९ एमएमची गोळी हल्लेखोराच्या छातीत शिरून हृदयाच्या अलीकडेच थांबली, तो त्यानंतरही गोळ्या झाडत राहिला, दोन एजंट गेले. त्यानंतर हे मोजमाप आलं, आणि १० टक्के, ४ डिग्री हे गोळ्यांच्या जखमांचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकन लष्करी सर्जन डॉ. मार्टिन फॅकलरचं काम. कपड्याशिवाय नुसत्या जेलवर मारून समाधान मानणाऱ्यांनी पुढच्या वेळी समोर डेनिमचे चार थर लावून बघा, होलो पॉइंटच्या भोकात बोळा बसला की बऱ्याच गोळ्या फुलायच्या विसरतात.