मेकॅनिकला फोन करण्याआधी: घरातली उपकरणं बिघडली तर काय तपासायचं

मशीन बंद पडलं की पहिला प्रश्न येतो, 'कुठला पार्ट गेला?' खरं तर हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा. घरातलं कुठलंही उपकरण वीज घेतं आणि तिच्या जोरावर पाणी, हवा, उष्णता किंवा मोटर यांच्याकडून काम करून घेतं. बऱ्याच तक्रारींत पार्ट शाबूत असतो. एक तर वीज पोचत नसते, नाही तर पाण्याची किंवा हवेची वाट तुंबलेली असते. म्हणून क्रम असा ठेवायचा: आधी वीज, मग वाट, मग पार्ट. पहिल्या दोन गोष्टी कुणालाही बघता येतात. तिसरी बहुतेक वेळा मेकॅनिकची.

आधी वीज

उपकरण ज्या सॉकेटला लावलंय, तिथे चालू असल्याची खात्री असलेलं दुसरं काहीतरी लावून बघा, टेबल लॅम्प किंवा मोबाइलचा चार्जर. लॅम्प लागला नाही तर दोष भिंतीतला आहे, मशीनला हात लावायचं कारण नाही. लागला तर उपकरण एक्स्टेन्शन बोर्ड काढून थेट भिंतीच्या सॉकेटला लावा. गीझर, इस्त्री, हीटर, मायक्रोवेव्ह यांच्यासाठी एक्स्टेन्शन बोर्ड वापरूच नये. 2000 वॅटचं उपकरण 230 व्होल्टवर जवळपास 9 अँपिअर करंट ओढतं आणि साध्या बोर्डाची बारीक वायर तेवढ्याने तापते. प्लगच्या पिना काळवंडल्या असतील, सॉकेटभोवतीचं प्लास्टिक पिवळं पडलं असेल किंवा प्लग हाताला गरम लागत असेल, तर सॉकेट आतून सैल झालंय. ते बदलून घ्या. पिना वाकवून घट्ट बसवायचा उद्योग नको.

एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा मेन बोर्डातला खटका) पडत असेल तर तो केव्हा पडतो, याकडे लक्ष द्या. बटण दाबल्या दाबल्या पडला तर कुठेतरी शॉर्ट आहे. दहा-पंधरा मिनिटांनी पडत असेल तर त्या लाइनवर भार जास्त झालाय. एखादं उपकरण बंद करून बघा. एमसीबी जागेवर आहे पण आरसीसीबी (करंट गळला की पडणारा खटका) पडतोय, याचा अर्थ करंट बहुधा अर्थिंगच्या वाटेने गळतोय, आणि तसं असताना तो खटका पुन्हा पुन्हा वर करणं धोक्याचं आहे. सगळ्या उपकरणांचे प्लग काढा, खटका वर करा, मग एकेक प्लग लावत जा. ज्याच्या पाळीला खटका पडेल तो गुन्हेगार. एकही प्लग नसताना खटका पडत असेल तर वायरमनला बोलवा.

उपकरणाच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर 'थोडासाच झटका बसतो' म्हणून चालवून घेऊ नका. प्लग काढून ठेवा आणि अर्थिंग तपासून घ्या.

फ्रिज

फ्रिज थंड करत नाही, ही तक्रार आली की आधी नक्की किती थंड करतो ते मोजा. ग्लासभर पाण्यात थर्मामीटर ठेवून तो ग्लास रात्रभर मधल्या कप्प्यात राहू द्या. सकाळी 3 ते 5 अंश सेल्सिअस दिसलं तर फ्रिज उत्तम चाललाय. हवेचं तापमान दार उघडलं की बदलतं, पाण्याचं तितक्या पटकन बदलत नाही, म्हणून पाण्यात मोजायचं. फ्रीझरमध्ये उणे 18 च्या आसपास असावं.

तापमान जास्त असेल तर दाराचं रबर बघा. एक कागद अर्धा आत, अर्धा बाहेर ठेवून दार लावा आणि कागद ओढा. थोडा अडकत निघाला तर रबर घट्ट आहे. सुळकन निघाला तर तिथून गार हवा बाहेर जातेय. चारही बाजूंना तीन-चार ठिकाणी हे करा, कारण रबर बहुधा एखाद्याच कोपऱ्यात सुटलेलं असतं. साबणाच्या कोमट पाण्याने त्याच्या घड्या पुसून काढा. चिकट मळामुळेही रबर नीट बसत नाही. पुसूनही फट राहिली तर हेअर ड्रायरच्या मंद हवेने ते जरा गरम करा आणि बोटांनी ओढून मूळ आकारात आणा. फाटलेलं रबर मात्र बदलावंच लागतं.

मग हवा. मागच्या बाजूला काळी जाळी असेल तर प्लग काढून मऊ ब्रशने तिच्यावरची धूळ झाडा. वर्षातून दोनदा पुरे. बऱ्याच नव्या फ्रिजना ही जाळी दिसत नाही, तिच्या नळ्या बाजूच्या पत्र्याआड असतात. म्हणून अशा फ्रिजच्या बाजू गरम लागतात आणि लोक घाबरतात. तो बिघाड नव्हे, आतली उष्णता बाहेर टाकण्याची ती जागाच आहे. तिथे फ्रिज भिंतीला चिकटवून ठेवला तर मात्र त्याला उष्णता टाकायला जागा राहत नाही.

फ्रॉस्ट-फ्री, म्हणजे बर्फ आपोआप वितळवणाऱ्या फ्रिजमध्ये एक तक्रार हमखास येते: वर बर्फ होतो, खाली गारवा नाही. आतल्या पत्र्यामागच्या कॉइलवर (गार होणाऱ्या नळ्यांवर) बर्फाचा थर साचून हवेची वाट बंद झाली की असं होतं. सामान काढा, प्लग काढा, दारं उघडी ठेवून चोवीस तास राहू द्या, खाली जुने टॉवेल पसरा. नंतर फ्रिज नीट चालला आणि आठवडाभराने पुन्हा तीच तक्रार आली, तर बर्फ वितळवणारा हीटर किंवा त्याचा सेन्सर गेलाय असं समजा. मेकॅनिकला एवढं सांगितलंत तर 'गॅस संपला असेल'पासून सुरुवात होत नाही. फ्रिजमधला गॅस वापराने संपत नसतो. बंद नळ्यांत तोच तो फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती न शोधता नुसता गॅस भरणं म्हणजे पैसे पाण्यात.

खालच्या ड्रॉवरखाली पाणी साचत असेल तर मागच्या भिंतीच्या तळाशी छोटं भोक शोधा. वितळलेलं पाणी तिथून कॉम्प्रेसरवरच्या ट्रेमध्ये जातं आणि तिथे वाळतं. भोकात कचरा अडकला की पाणी आतच राहतं. बारीक, लवचीक प्लास्टिकची नळी हळूच घालून फिरवा, मग सुई नसलेल्या सिरिंजने कोमट पाणी सोडा. पाणी झरझर खाली गेलं की काम झालं. तार घालू नका.

जुन्या पद्धतीच्या फ्रीझरमध्ये बर्फाचा थर बोटाच्या अर्ध्या जाडीचा झाला की फ्रिज बंद करून तो वितळू द्या. सुरीने बर्फ खरवडायचा मोह होतो. पण आतली नळी पातळ ॲल्युमिनियमची असते आणि एका टोच्यात फ्रिज कायमचा निकामी होऊ शकतो. शिवाय हल्लीच्या अनेक फ्रिजमध्ये आर600ए हा ज्वलनशील गॅस असतो.

वीज गेली आणि लगेच आली तर फ्रिज पाचेक मिनिटांनी चालू करा. लगेच चालू केला तर नळ्यांतल्या दाबाविरुद्ध कॉम्प्रेसरला जोर लावावा लागतो.

वॉशिंग मशीन

पाणी बाहेर जात नाही, स्पिन होत नाही, दार उघडत नाही, या तिन्ही तक्रारींमागे फ्रंट लोड मशीनमध्ये बऱ्याचदा एकच कारण असतं: ड्रेन पंपाचा फिल्टर तुंबलेला. पाणी आत आहे असं वाटलं की मशीन स्पिन करत नाही आणि दारही सोडत नाही. फिल्टर असा काढा:

1. मशीन बंद करून प्लग काढा. गरम पाण्याचं सायकल चालू होतं तर पाणी निवेपर्यंत थांबा.

2. पुढच्या बाजूला खालच्या कोपऱ्यात छोटं झाकण असतं, ते नाण्याने किंवा बोथट स्क्रूड्रायव्हरने उघडा. खाली पसरट ट्रे आणि जुने टॉवेल ठेवा. बऱ्याच मशीनमध्ये शेजारी बारीक रबरी नळी असते. तिचं बूच काढून पाणी ट्रेमध्ये सोडा. ट्रे वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा रिकामा करावा लागतो, घाई करू नका.

3. पाणी थांबल्यावर फिल्टर डावीकडे अर्धा-अर्धा फेरा फिरवत काढा. एकदम काढलात तर उरलेलं पाणी पायावर.

4. फिल्टरवरचे धागे, केस, नाणी काढून तो नळाखाली धुवा. मग टॉर्च लावून पोकळीत बघा. मागे पंपाचं छोटं चक्र दिसेल. बोटाने फिरवून बघितलं तर ते एकसारखं न फिरता अडखळत, टप्प्याटप्प्याने फिरतं. आतल्या चुंबकामुळे तसं होतं, दोष नाही. अजिबात फिरत नसेल तर त्याला केस गुंडाळलेले असतात, ते चिमट्याने ओढून काढा. हात घालण्याआधी टाचणी किंवा काचेचा तुकडा नाही ना, हे बघा.

5. फिल्टर सरळ आट्यात बसवून घट्ट करा, नुसतं स्पिन लावा आणि झाकणापाशी थेंब येतो का ते बघा.

दोन-तीन महिन्यांनी एकदा हे केलं की पुरतं. टॉप लोडमध्ये टबात जाळीची पिशवी किंवा जाळीदार कप्पा असतो, तो दर दोन-तीन धुण्यांनी झटकायचा.

पाणी भरायला फार वेळ लागत असेल तर नळ बंद करा, मागचा पाइप काढा आणि आतली बारीक जाळी पक्कडीने बाहेर घ्या. तिच्यावर गाळ आणि गंज बसतो. जुन्या टूथब्रशने साफ होते. मशीन पाणी भरत राहतं पण टब भरतच नाही, असं असेल तर ड्रेन पाइप खाली तर पडला नाही ना ते बघा. त्याचं टोक टबातल्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर हवं, नाही तर भरलेलं पाणी आपोआप निघून जातं. नेमकी उंची माहितीपुस्तिकेत दिलेली असते.

मशीन नवीनच असेल आणि स्पिनला नाचत असेल, तर मागचे वाहतुकीचे बोल्ट काढायचे राहिलेत का ते बघा. जुनं असेल तर चार पायांपैकी एक अधांतरी असतो. वरचा कोपरा दाबून मशीन डुलतंय का बघा, पाय फिरवून जमिनीला टेकवा आणि त्याचा नट आवळा. एकटी जाड चादर किंवा टॉवेल टाकला तरी टबाचा तोल जातो. सोबत दोन-तीन कपडे टाका.

वासाचं मूळ बहुधा जास्त पावडरमध्ये असतं. न विरघळलेली पावडर आणि फॅब्रिक सॉफ्टनर टबामागे थर धरतात, त्यावर बुरशी येते. पावडर कमी करा, महिन्यातून एकदा रिकामं मशीन 60 अंश किंवा त्याहून गरम पाण्यावर चालवा, दाराच्या रबराची घडी पुसा आणि धुणं झाल्यावर दार उघडं ठेवा.

मिक्सर, पंखा, एसी, गीझर

मिक्सर मध्येच बंद पडला तर तळाचं छोटं लाल बटण उडालेलं असतं. भांड्यातला भार कमी करा, मोटर गार होऊ द्या, मग बटण दाबा. मोटर फिरते पण पातं फिरत नाही, म्हणजे भांड्याखालचा रबरी किंवा प्लास्टिकचा कपलर झिजलाय. हवेच्या फटींतून निळसर बारीक ठिणग्या दिसणं स्वाभाविक आहे. मोठ्या ठिणग्या आणि खरखर म्हणजे कार्बन ब्रश संपत आलेत.

छताचा पंखा हळू झाला तर बंद करून पातं हाताने फिरवा. जड फिरलं तर बेअरिंग, सहज फिरलं तर बहुधा कपॅसिटर (मोटर फिरायला मदत करणारा छोटा डबीसारखा पार्ट). नवा घेताना मायक्रोफॅरडचा आकडा जुन्याइतकाच घ्या. मोठा टाकून वेग वाढवायला गेलं की मोटरमधल्या तारेचं वाइंडिंग तापतं.

एसीची जाळी वापराच्या दिवसांत दर दोन ते चार आठवड्यांनी धुवा. आत पाणी ठिबकत असेल तर बाहेरचा ड्रेन पाइप तुंबलाय किंवा वर वाकलाय का, ते आधी बघा. कॉइलवर बर्फ दिसला तर कूलिंग बंद करून नुसता फॅन चालवा आणि जाळी साफ करा. तरीही बर्फ झाला तर गॅसची गळती असू शकते.

गीझर तापताना खदखद, गडगड आवाज करत असेल तर पाणी तापवणाऱ्या एलिमेंटवर क्षार चढलेत. तापताना सेफ्टी व्हॉल्व्हमधून थोडे थेंब पडणं ठीक आहे, कारण पाणी प्रसरण पावतं. सतत धार असेल तर नाही. तो व्हॉल्व्ह बूच मारून कधीही बंद करू नका. क्षारयुक्त पाणी असेल तर टाकीतला मॅग्नेशियमचा रॉड वर्षा-दोन वर्षांनी तपासून घ्या. टाकीऐवजी आधी तो झिजावा म्हणूनच तो बसवलेला असतो.

मायक्रोवेव्ह उघडू नका

आत ठिणग्या उडत असतील तर बाजूचा अभ्रकाचा पातळ पत्रा बघा. त्यावर तेलकट डाग जळला असेल तर ओल्या फडक्याने पुसा. भोक पडलं असेल तर तसाच पत्रा नवा कापून बसतो. घरी करण्यासारखं इथे संपतं. दिवा लागतो, ताटली फिरते पण काही तापत नाही, अशा वेळी बाहेरचे स्क्रू काढू नका. आतला कपॅसिटर 2000 व्होल्टच्या आसपासचा भार धरून ठेवतो आणि प्लग काढल्यावरही तो राहू शकतो. तो जीवघेणा असतो.

मेकॅनिकला काय सांगायचं

उपकरणाच्या मागे किंवा दाराच्या आत स्टिकर असतं, त्यावरचा मॉडेल नंबर फोटो काढून पाठवा. पडद्यावर एरर कोड आला असेल तर तो पुसण्याआधी लिहून घ्या. विचित्र आवाज येत असेल तर मोबाइलवर व्हिडिओ काढा, कारण मेकॅनिक आला की नेमका तो आवाज बंद होतो. वर जे जे तपासलंत तेही सांगा. पार्ट बदलायचा ठरला तर दर आधी विचारा, जुना पार्ट परत मागा आणि नव्याची वॉरंटी बिलावर लिहून घ्या.