अ‍ॅकॉर्डियनचा भाता म्हणजे पेटीचा भाता नव्हे: दुरुस्ती करताना या चुका टाळा

सोलापुरात दुरुस्तीला येणाऱ्या अ‍ॅकॉर्डियनमध्ये बहुतेक वेळा आधीच कुणीतरी हात घातलेला असतो. मागच्या उन्हाळ्यात मंगळवार पेठेतले एक काका डाव्या हाताला १२० बेसची बटणं असलेलं जुनं जर्मन वाद्य घेऊन आले. एके काळी ते ऑर्केस्ट्रात वाजवायचे. "मास्तर, भाता फुटलाय. दोनदा चिकटवला, पण दम राहत नाही." उघडून पाहिलं, तर घड्यांच्या कोपऱ्यांवर खोक्याला लावतात ती तपकिरी चिकटपट्टी, तिच्याखाली झटपट गोंदाचे काचेसारखे कडक थर आणि आतून पेटीच्या भात्याला लावतात तसलं जाड कातडं. मूळ भोकं दोनच होती. बाकीचं सगळं नुकसान दुरुस्तीनं केलेलं होतं.

आपल्याकडे पेटी दुरुस्त करणारे कारागीर आहेत, अ‍ॅकॉर्डियनवाले फार थोडे. त्यामुळे पेटीची रीत अ‍ॅकॉर्डियनला लावली जाते. पेटीच्या भात्याला घड्या मोजक्या, फळ्या जाड, आणि एक बाजू बिजागरीसारखी अडकवलेली. सुरांकडे, म्हणजे आवाज काढणाऱ्या धातूच्या जिभांकडे, हवा एकाच दिशेनं दाबली जाते. अ‍ॅकॉर्डियनचा भाता ओढतानाही वाजतो आणि दाबतानाही. भोकावर नुसतं आतून ठिगळ लावलं, तर दाबताना ते पुठ्ठ्याला घट्ट बसतं आणि ओढताना बाहेरची हवा त्याच ठिगळाला उचलते. महिनाभरात कडा सुटतात. ज्यांनी इनॉक डॅनियल्स किंवा गुडी सिरवई या अ‍ॅकॉर्डियनवादकांचं वादन मन लावून ऐकलंय, त्यांना सांगायला नको की या वाद्याचा श्वास भात्यातच असतो.

भात्यावर आळ घेण्याआधी

सर्वांत पहिली आणि सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे हवा जातेय म्हणजे भाताच फुटलाय, असं धरून चालणं. भात्याचे पट्टे सोडा, उजव्या हातानं वाजवायच्या सुरपट्ट्यांची बाजू वर धरा आणि एकही बटण न दाबता बेसची बाजू स्वतःच्या वजनानं खाली येऊ द्या. पूर्ण उघडायला किती सेकंद लागले ते कागदावर लिहून ठेवा. दुरुस्तीनंतर हाच आकडा उपयोगी पडतो.

एकच सूर ओढताना वाजतो आणि दाबताना वाजत नाही, असं असेल तर भात्याला हात लावू नका. प्रत्येक दिशेसाठी वेगळी जीभ असते, म्हणून दोष त्या सुरात किंवा त्याच्यावरच्या कातडी झडपेत आहे. काहीही न दाबता एखादा सूर गुणगुणत राहिला, तर पट्टीखालची गादी नीट बसत नाहीये. सगळेच सूर दमलेले असतील आणि भाता भसकन खाली येत असेल, तेव्हा पट्ट्यांखालच्या गाद्या, भात्याची चौकट आणि भाता, या क्रमानं बघा. माझ्याकडे येणाऱ्या वाद्यांत चौकटीवरची मऊ कातडी पट्टी सुकून कडक झालेली असते, आणि हवा तिथूनच जात असते.

भात्यातलं भोक शोधायला साबणाचं पाणी फासू नका. आत पुठ्ठा आहे, तो फुगतो. भाता काढा, रात्री खोलीतले दिवे बंद करा, आत मोबाईलचा टॉर्च ठेवा आणि भाता हळूहळू उघडत चारही बाजू बघा. जिथे उजेडाचा ठिपका दिसेल तिथे पेन्सिलीनं खूण करा.

खिळे

भाता दोन्ही बाजूंना खिळ्यांनी अडकवलेला असतो. ते उपसताना पकडीच्या तोंडाला कापड गुंडाळा आणि सरळ ओढा; वाकडं ओढलं की चौकटीचं लाकूड चिरतं. पुठ्ठ्याच्या तुकड्यावर वाद्याचा आकार काढून प्रत्येक खिळा त्याच्याच जागी खोचून ठेवा. हातानं ठोकलेली भोकं एकसारखी नसतात. भाता उलटा बसवला की एकही भोक जुळत नाही, मग लोक जास्त लांब खिळे ठोकतात. त्यापेक्षा काढण्याआधी चौकटीवर आणि पेटाऱ्यावर (वाद्याच्या लाकडी अंगावर) समोरासमोर खूण करायला अर्धं मिनिट लागतं. भोक सैल झालं असेल तर त्यात गोंद लावलेली काडी बसवा आणि वाळल्यावर नव्यानं बारीक भोक पाडा.

कातडं आणि गोंद

मोठ्या वाद्याच्या भात्याला साधारण १६ ते १८ घड्या असतात. प्रत्येक घडीच्या चारही कोपऱ्यांत शंकरपाळ्याच्या आकाराचा पातळ कातड्याचा तुकडा आणि त्यावर पत्र्याची टोपी असते. १८ घड्या म्हणजे ७२ कोपरे. भात्यातली गळती बहुधा इथेच होते.

चपलेचं कातडं इथे चालत नाही. तबल्याच्या पुडीचं कच्चं चामडं तर नाहीच, ते वाकतच नाही. कातडं मऊ, कमावलेलं आणि अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीचं हवं. कडा सुरीनं तासून कागदासारख्या पातळ करा. प्रत्येक घडीत अर्धा मिलिमीटर जाडी वाढली, तर १८ घड्यांत ९ मिलिमीटर होतात. मग भाता पूर्ण मिटत नाही, पट्टा लागत नाही, आणि वादक तो ताकदीनं दाबून लावतो. काकांच्या वाद्याचं हेच झालं होतं.

पत्र्याची टोपी उचकटू नका. तिचे दुमडलेले ओठ पातळ स्क्रूड्रायव्हरनं सावकाश उघडा, नाहीतर तिच्याबरोबर कापडी पट्टी फाटून येते. कापडी पट्टीसाठी घट्ट विणीचं पातळ सुती कापड पुरेसं आहे, आणि सोलापूरसारख्या सुताच्या गावात ते मिळायला अडचण नाही. फक्त आधी धुऊन घ्या, म्हणजे पुढे आटणार नाही.

झटपट गोंद घडीवर लावू नका. तो कडक होतो आणि पुठ्ठा त्याच्या कडेनं मोडतो. चिकटपट्टीचा डिंक आपल्या उन्हाळ्यात पाझरतो आणि पुढच्या कारागिराला आधी तो खरवडावा लागतो. लाकडाचा पांढरा गोंद पातळ थरात चांगलं काम देतो. लावताना भाता अर्धवट उघडा ठेवा. पूर्ण उघडा ठेवून वाळवला तर ठिगळ मिटायला नकार देतं, ओलाच मिटला तर घड्या एकमेकींना चिकटतात. गोंद थोडा ओढला की मध्ये बटर पेपर घालून रात्रभर मिटून ठेवा.

जुना भाता कोरडा दिसतो म्हणून काही जण त्याला खोबरेल तेल किंवा बुटाचं पॉलिश चोळतात. तेल पुठ्ठ्यात झिरपतं आणि त्यावर कोणताच गोंद धरत नाही. असा भाता मी वाचवू शकलेलो नाही.

ऊन

कुबट वास घालवायला वाद्य गच्चीवर ठेवण्याची सवय सोलापुरात फार धोक्याची. सूर मेण आणि राळेच्या मिश्रणानं बसवलेले असतात. निव्वळ मधमाश्यांचं मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, पण मऊ त्याच्या बरंच आधी पडतं. एप्रिल-मेमध्ये सावलीतच ४२-४३ अंश असतात. उन्हात उभ्या बंद गाडीत त्याहून कितीतरी जास्त. सूर निखळून आत पडलेली वाद्यं मी पाहिली आहेत. वास घालवायचा असेल तर भाता उघडा ठेवून पंख्याखाली, सावलीत ठेवा.

नवा भाता मागवायचा असेल तर चौकटीच्या चारही बाजू वेगवेगळ्या मोजा. जुना पेटारा काटकोनात राहिलेला नसतो. घडीची खोली आणि घड्यांची संख्या दोन्ही कळवा. इटलीतल्या कास्टेलफिदार्दोला अ‍ॅकॉर्डियनचं सामान बनवणारे कारखाने आहेत, पण चुकीचं माप तिथूनही चुकीचंच येतं.

भाता बसवल्याशिवाय सूर लावू नका. हवेचा दाब बदलला की सूर थोडा सरकतो, आणि गळक्या भात्यावर लावलेलं वाद्य पुन्हा लावावं लागतं. काकांच्या वाद्यात आधी चौकटीची पट्टी बदलली, मग ११ कोपरे. पहिल्या चाचणीला ते ४ सेकंदांत खाली आलं होतं, आता त्याच वजनाला २६ लागतात. सुरांचं काम पुढच्या आठवड्यात काढलंय.