ट्रकसाठी काहीतरी नवीन बनवायचंय? डोक्यातल्या आयडियापासून पेटंटच्या अर्जापर्यंत काय काय करायचं

घाटात चढावर ट्रक बंद पडला की क्लीनर उडी मारतो आणि मागच्या चाकाखाली दगड लावतो, हे सगळ्यांनी बघितलंय. मग गाडी दुरुस्त होते, निघून जाते, आणि दगड तिथेच रस्त्याच्या मधोमध. रात्री मागून येणारा बाइकवाला त्यावर आपटतो. खंबाटकीत जा नाहीतर कसाऱ्यात, असे दगड दिसतातच. माझं फॅब्रिकेशनचं छोटं शेड आहे आणि ह्या दगडावरूनच माझ्या डोक्यात एक अॅक्सेसरी आली होती, दगडाऐवजी चाकाखाली लावायचा ठोकळा, म्हणून ट्रकला किंवा कुठल्याही गाडीला नंतर बसवायची वस्तू स्वतः शोधून काढायची असेल तर कुठल्या क्रमाने जायचं ते ह्याच उदाहरणावर सांगतो. बऱ्याच चुका मी करून झाल्यात, तुम्ही नवीन करा.

पहिली पायरी: त्रास कोणाचा, वापरणार कोण, पैसे देणार कोण

ही पायरी सगळे टाळतात, कारण वेल्डिंग मशीन चालू करायची घाई असते. मलाही होती. मला वाटायचं ड्रायव्हर लोक बेफिकीर असतात म्हणून दगड सोडून जातात. कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलवर दोन दिवस चहा पीत बसलो तेव्हा कळलं की भानगड वेगळीच आहे, चाकाखालचा दगड गाडीच्या वजनाने घट्ट बसलेला असतो, गाडी पुढे सरकल्याशिवाय तो निघतच नाही, आणि भरलेली गाडी चढावर एकदा उचलली की कुठलाही ड्रायव्हर परत थांबत नाही, मग क्लीनरने तो दहा किलोचा धोंडा उचलून चालत्या गाडीमागे पळायचं का? आणि आता तर बऱ्याच गाड्यांवर क्लीनरच नसतो, ड्रायव्हर एकटा. म्हणजे प्रश्न "लोकांना शिस्त लावा" हा नव्हताच, प्रश्न होता "गाडी निघाली की ठोकळा आपोआप गाडीबरोबर आला पाहिजे". हे वाक्य सापडायला दोन दिवस गेले पण त्याशिवाय पुढचं सगळं वाया गेलं असतं.

दुसरं म्हणजे स्पर्धा कोणाशी आहे ते ओळखा. माझी स्पर्धा दगडाशी होती, आणि दगड फुकट आहे, सगळीकडे मिळतो, हरवला तरी कोणी रडत नाही. त्यात मार खाणारा बाइकवाला, वापरणारा ड्रायव्हर आणि पैसे देणारा मालक, तिघं वेगळे. अशी वस्तू विकणं फार अवघड जातं, कारण ज्याला दुखतंय तो गिऱ्हाईक नाही. मग मालकाचं दुखणं शोधावं लागतं. धारदार दगडाने टायरला काप जातात आणि मोठ्या गाडीचा एक टायर वीसेक हजाराच्या घरात जातो. बाइकवाला वाचेल म्हटलं की मालक मान हलवतो आणि चहा मागवतो, टायर वाचेल म्हटलं की खुर्ची पुढे ओढतो. वाईट वाटतं पण असंच आहे.

दुसरी पायरी: आधी कोणी केलंय का ते शोधा

केलेलं असतंच. हे गृहीत धरूनच शोधायला बसा, म्हणजे धक्का बसत नाही. गुगल पेटंट्स, युरोपियन पेटंट ऑफिसचं एस्पेसनेट आणि आपल्या पेटंट ऑफिसचं इनपास, तिन्ही फुकट आहेत. नुसते शब्द टाकून शोधलं तर अर्धं हाती लागत नाही कारण एकाच वस्तूला प्रत्येक जण वेगळं नाव देतो, त्यामुळे वर्गाचा नंबर वापरा, म्हणजे पेटंटना विषयाप्रमाणे दिलेला नंबर. गाडी घरंगळू नये म्हणून लावायच्या सुट्या ठोकळ्यांचा वर्ग बी६०टी ३/०० आहे, गाडीवरचा माल बांधायच्या युक्त्या बी६०पी ७ मध्ये येतात, सिग्नल आणि दिवे बी६०क्यू मध्ये, आणि कुठेच न बसणारं बरंचसं बी६०आर मध्ये. त्या वर्गात जाऊन फक्त चित्रं बघत सुटा. भाषा जपानी असो नाहीतर जर्मन, चित्र कळतं.

मी साखळीने बांधलेला ठोकळा ही माझी थोर कल्पना समजत होतो. शोधायला बसलो तर साखळीवाले ठोकळे ढिगाने. त्याहून गंमत म्हणजे इंग्लंडमध्ये घोडागाडीच्या काळात जड गाडी टेकडी चढताना मागच्या चाकाच्या मागे एक लाकडी रूळ साखळ्यांनी ओढत नेत, घोडे दमून थांबले की गाडी त्या रुळावर टेकायची. म्हणजे माझी आयडिया मोटार जन्माला यायच्या आधीची निघाली. एक दिवस जेवण गेलं नाही, खरं सांगतो.

पण इथेच सोडायचं नसतं. जुन्यात काय जमत नाही ते बघायचं. साखळीवाला ठोकळा गाडी निघाल्यावर फरफटत येतो, उसळतो, जोडचाकात अडकू शकतो. माझ्यासाठी शिल्लक राहिलं ते एवढंच: गाडी पुढे गेली की ठोकळा चाकाच्या रेषेतून बाहेर सरकून वर उचलला जायला हवा. पेटंट मिळालं तर ह्या छोट्या तुकड्यालाच मिळेल, "ठोकळा" ह्या वस्तूला नाही. आणि एक लक्षात ठेवा, आपल्या पेटंट कायद्याच्या कलम ३ मध्ये साफ लिहिलंय की माहीत असलेल्या वस्तू नुसत्या एकत्र मांडल्या आणि प्रत्येक जण आपापलं काम स्वतंत्र करत असेल तर तो शोध धरत नाहीत. ठोकळ्याला टॉर्च चिकटवली, मडगार्डला मोबाइल चार्जर लावला, असल्या आयडिया इथेच गळतात. विकायला हरकत नाही, पेटंटची आशा ठेवू नका.

तिसरी पायरी: आधी हिशोब, मग पुठ्ठा, मग लोखंड

दहा चाकी भरलेली गाडी साधारण २८ टनांची धरा. वीसला एक असा चढ असेल, म्हणजे वीस मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर, तर गाडीला मागे ओढणारा जोर वजनाच्या विसाव्या भागाएवढा, म्हणजे १.४ टन. घाटात चढ त्याहून तिखट असतो, त्यात गाडी जरा मागे येऊन ठोकळ्यावर आदळते तो दणका वेगळा, म्हणून निदान तिप्पट जोर धरून डिझाइन करा. ठोकळ्याची उंची मी टायरच्या उंचीच्या पावपट ठेवली, त्याहून कमी असेल तर चाक वर चढून पलीकडे जायची भीती. आणि वजन एका हाताने उचलता येईल एवढंच हवं, नाहीतर ड्रायव्हर परत दगडच शोधणार.

पहिला नमुना पुठ्ठ्याचा करा, हसू नका, खऱ्या चाकाशेजारी पुठ्ठा धरला की निम्म्या चुका तिथेच दिसतात. मग लाकूड, मग एमएस प्लेट, म्हणजे साध्या पोलादाचा पत्रा, लेसरवर कापून, बेंड मारून. माझ्या पहिल्या लोखंडी नमुन्यात दोरी वापरली होती, ती पहिल्याच ट्रायलला चाकाच्या हबला गुंडाळली आणि ठोकळा मडगार्डवर आपटून मडगार्डचा चेंदामेंदा. गाडी ओळखीच्याची होती म्हणून वाचलो. दुसऱ्यात साखळी पाइपमधून नेली, तिसऱ्यात ठोकळा वर उचलणारा दांडा आणि स्प्रिंग लावली. खालचा तळ गुळगुळीत ठेवला तर ओल्या डांबरावर ठोकळाच घसरतो, मग तळाला जुन्या टायरच्या रबराचा तुकडा बोल्टने बसवला. साच्यातलं रबर एवढ्यात नको, डायचा खर्च अंगावर येतो.

आणि बसवायचं कसं हे शेवटी नाही, सुरुवातीलाच ठरवा. चेसिसच्या फ्लँजला, म्हणजे तिच्या दुमडलेल्या कडेला, भोक पाडू नका, तिथे वेल्डिंग तर अजिबात नको, चेसिस कमजोर होते आणि उद्या तडा गेला तर तुमच्या नावाने शंख. यू बोल्ट आणि क्लॅम्प वापरा, काढून टाकलं तर मागे खूण राहायला नको.

चौथी पायरी: आरटीओच्या डोळ्यांनी बघा

आपल्याकडे मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. म्हणजे तुमच्या वस्तूपायी गिऱ्हाईक अडकू शकतं. बुलबार आठवतात ना, पुढे लावायचे ते जाडजूड पाइप, डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने ते बेकायदा म्हणून कारवाई करायला सांगितलं आणि बनवणाऱ्यांचा धंदा एका पत्रात बसला. म्हणून बॉडीच्या बाहेर येणारं, नंबरप्लेट किंवा दिवे झाकणारं, समोरच्याला इजा करणारं काही बनवू नका. चमकणारी पट्टी लावायची तर रंग मनाचे नकोत, मोठ्या गाड्यांना पुढे पांढरी, बाजूला पिवळी आणि मागे लाल असं ठरलेलं आहे. दिवे, आरसे, ब्रेक असल्या सुरक्षेच्या वस्तूत हात घालणार असाल तर चाचणीचा विषय येतो, त्यासाठी पुण्यातच एआरएआय आहे आणि भोसरीला सीआयआरटी. नुसतं अडकवून ठेवायचं सुटं सामान असेल तर डोकेदुखी बरीच कमी, माझा ठोकळा मी मुद्दाम त्यात बसवला.

पाचवी पायरी: तोंड बंद, आणि अर्ज

नमुना चालला की पहिला मोह व्हिडिओ टाकायचा. टाकू नका! अर्जाच्या आधी वस्तू जगाला दिसली की ती "नवीन" राहत नाही आणि तुमचाच व्हिडिओ तुमच्या विरोधात पुरावा होतो. ट्रायल बंद आवारात घ्या, रस्त्यावरची ट्रायल अर्जानंतर. फॅब्रिकेटरला, रबरवाल्याला ड्रॉइंग देताना गुप्ततेच्या कागदावर सही घ्या, ओळखीचा असला तरी.

सगळं पक्कं नसलं तरी प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता अर्ज करता येतो. त्यात क्लेम, म्हणजे नेमका कशावर हक्क मागताय ती वाक्यं, लागत नाहीत, शोध नीट समजेल असं वर्णन आणि चित्रं पुरतात. फायदा हा की तारीख तुमच्या नावावर लागते. त्या दिवसापासून १२ महिन्यांत पूर्ण अर्ज गेला पाहिजे, नाही गेला तर अर्ज सोडून दिल्यासारखा धरतात. एकट्या माणसाने ऑनलाइन अर्ज केला तर सरकारी फी १६०० रुपये, पुढे तपासणीची विनंती वेगळी, तिची फी ४००० रुपये, आणि मार्च २०२४ पासूनच्या अर्जांना ती विनंती ३१ महिन्यांच्या आत करावी लागते. न केल्यास फाइल तिथेच संपते, कोणी फोन करून आठवण देत नाही. महाराष्ट्र आणि गोव्याचे अर्ज मुंबईच्या ऑफिसकडे जातात, ते अँटॉप हिलला आहे, पण सगळं ऑनलाइन होतं, खेटे घालायची गरज नाही.

प्रोव्हिजनल मी स्वतः लिहिलं. पूर्ण अर्ज मात्र नोंदणी असलेल्या पेटंट एजंटकडून लिहून घ्या असं माझं मत आहे, कारण क्लेम म्हणजे तुमच्या जमिनीचा सातबारा, एक शब्द जास्त पडला की शेजारी बांध कोरतो. मी "स्प्रिंग" लिहिलं असतं तर कोणीही रबरी पट्टा लावून सुटला असता, एजंटने "परत ओढणारा लवचिक भाग" असं काहीतरी लिहिलं, तेव्हा त्याच्या फीचं मोल कळलं. एजंट परवडत नसेल तर गुजरातेत गांधीनगरचं नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशन कुठल्या संस्थेच्या आधाराशिवाय स्वतःच काम करणाऱ्या गावाकडच्या कारागिरांना मदत करतं, तिथे विचारून बघा. आणि वस्तूत नवीन काय ते फक्त दिसण्यात असेल, म्हणजे एखाद्या मडफ्लॅपचा किंवा व्हीलकॅपचा आकार, तर पेटंटच्या मागे न लागता डिझाइन नोंदवा, ते १० वर्षं मिळतं आणि अजून ५ वाढवता येतात.

सहावी पायरी: पेटंट म्हणजे गिऱ्हाईक नव्हे

अमेरिकेत मेरी अँडरसन नावाच्या बाईंना १९०३ मध्ये काच पुसायच्या वायपरचं पेटंट मिळालं. एका कंपनीने ह्यात धंदा नाही म्हणून परत पाठवलं, १९२० मध्ये पेटंटची मुदत संपली, आणि वायपर सगळ्या गाड्यांवर आले ते त्यानंतर. त्यांना दमडी मिळाली नाही. पुढे थांबून थांबून चालणारा वायपर काढणाऱ्या रॉबर्ट कर्न्स यांनी फोर्डवर १९७८ मध्ये केस केली, १९९० मध्ये १.०२ कोटी डॉलरवर तडजोड झाली, पण मधली बारा वर्षं कोर्टात गेली. पेटंट दुसऱ्याला थांबवायचा हक्क देतं, थांबवायला मात्र तुम्हालाच जावं लागतं.

म्हणून अर्ज टाकून बसू नका. दहा नग बनवा, दहा वेगवेगळ्या गाड्यांवर द्या, एक पावसाळा जाऊ द्या. पैसे घेऊन द्या, कमी घ्या पण घ्या, फुकट दिलेली वस्तू टूलबॉक्सच्या तळाशी जाते आणि गिऱ्हाईक "छान आहे" म्हणतं. बॉडी बांधणारे आणि टायरवाले हे तुमचे खरे विक्रेते, मालक त्यांचं ऐकतो. आणि "तुमची आयडिया आम्ही मोठ्या कंपन्यांना विकून देतो, आधी एवढे भरा" असा फोन आला तर एकच विचारा, आजवर किती जणांनी तुम्हाला दिले त्यापेक्षा जास्त कमावले? अमेरिकेत १९९९ च्या कायद्याने हा आकडा लेखी सांगणं असल्या धंदेवाल्यांना बंधनकारक केलंय. मला आलेल्या फोनवर मी विचारलं, तर समोरून लाइन कट.

माझे दहातले सात ठोकळे पावसाळ्यानंतर वापरात होते, दोन हरवले, एकाची स्प्रिंग चिखलाने जाम झाली. सध्या स्प्रिंगला झाकण बसवायचं काम चालू आहे, आणि पूर्ण अर्जाच्या १२ महिन्यांतले चार उरलेत, त्यामुळे ते झाकण अर्जात घालायचं की नाही ह्यावर एजंटबरोबर रोज वाद.