डांग्या खोकला: या चुका टाळा

डांग्या खोकल्यात सगळ्यांत महागात पडते ती खोकल्याच्या उबळीनंतर श्वास आत ओढताना येणाऱ्या ‘हूप’ आवाजाची वाट पाहणं. पहिले एक-दोन आठवडे नुसतं नाक गळतं, अंग किंचित कोमट लागतं, खोकला साधा वाटतो. आजार सर्वाधिक पसरतो तो याच दिवसांत, आणि अँटिबायोटिकचा खरा फायदाही याच दिवसांत. पुढे जंतूच्या विषाने श्वासनलिकेतली बारीक लव दुखावते. मग औषधाने जंतू मरतो, संसर्ग थांबतो, पण ढास आठवडेच्या आठवडे राहते. ‘औषध लागू पडलं नाही’ म्हणून दर चार दिवसांनी नवं अँटिबायोटिक सुरू करू नका.

दोन उबळींच्या मध्ये मूल खेळत असतं, छातीही साफ ऐकू येते. त्यामुळे डॉक्टरांकडे नेल्यावर ‘काही नाही’ असं वाटू शकतं. रात्रीची एखादी उबळ मोबाइलवर टिपून दाखवा: श्वास न घेता लागोपाठ खोकणं, लालबुंद चेहरा, शेवटी चिकट कफ किंवा उलटी.

तान्ह्या बाळात मात्र ‘हूप’ बहुधा नसतोच. बाळ दोनदा ठसकतं, गप्प होतं, ओठ निळसर पडतात, श्वास थांबतो. घरच्यांना वाटतं, दूध अडकलं. असं एकदाही झालं तरी सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा. तीन महिन्यांखालच्या बाळाला बहुतेक वेळा दाखल करावंच लागतं.

डोस चुकतो तो बाटलीमुळे. अझिथ्रोमायसिन हे यावरचं अँटिबायोटिक सहा महिन्यांखाली किलोमागे 10 मिग्रॅ, दिवसातून एकदा, 5 दिवस देतात. पण सिरप 5 मिलीत 100 मिग्रॅचंही मिळतं आणि 200 चंही. पाच किलोच्या बाळाला पहिल्यातलं अडीच मिली लागतं, दुसऱ्यातलं सव्वा. लेबल डॉक्टरांना दाखवून सिरिंजनेच मोजा. मोठ्या मुलांचं प्रमाण वेगळं असतं.

वावडिंग-ओव्याची धुरी बंद करा. धूर आणि उदबत्ती उबळ ओढवून आणतात. खोकल्याच्या सिरपचा उपयोग नाही. वर्षाखाली मध चाटवू नका. उबळ चालू असताना पाणी पाजू नका. मुलाला पुढे झुकवून बसवा, तान्ह्याला कुशीवर घ्या. उबळ ओसरली, उलटी झाली, की थोडं थोडं भरवा.

अँटिबायोटिकचे 5 दिवस पूर्ण होईपर्यंत शाळा नको. औषध दिलंच नसेल, तर खोकला सुरू झाल्यापासून 21 दिवस. घरातल्या सगळ्यांनाही, लस झालेली असली तरी, प्रतिबंधक अँटिबायोटिकबद्दल विचारा, कारण लसीचं संरक्षण काही वर्षांत ओसरतं.

सहा, दहा आणि चौदा आठवड्यांची पेंटाव्हॅलंट लस (पाच आजारांवरची, त्यात डांग्या खोकलाही येतो) सर्दी आहे म्हणून पुढे ढकलू नका. दीड वर्ष आणि पाच वर्षांचे बूस्टर विसरले जातात, ते कार्डावर तपासा. गरोदरपणी मिळणाऱ्या टीडीत फक्त धनुर्वात आणि घटसर्प असतात. डांग्यासाठी टीडॅप लागते, ती 27 ते 36 आठवड्यांदरम्यान घेतली की पहिल्या डोसआधीच्या दीड महिन्यातही बाळाला आईकडून संरक्षण मिळतं.