वाळूजच्या शेडमध्ये रॉकेटचं काम कसं आणायचं

आजकाल आपल्या संभाजीनगरच्या वाळूज एमआयडीसीत चहाच्या टपरीवर सुद्धा पोरं स्पेस स्पेस करायलेत. कुणीतरी मोबाईलवर ते रॉकेट उलटं खाली येऊन उभं राहिलेलं बघतं आणि मग विचारतं की दादा, आपल्या व्हीएमसीवर (धातू कापायच्या कॉम्प्युटरवाल्या मशिनवर) असलं काही काम येईल का. येईल की, पण लोक ज्या वाटेनं शोधायलेत त्या वाटेनं येणार नाही म्हणून जरा सविस्तर लिहितोय. ज्याच्याकडं दोन-चार सीएनसी मशिनी आहेत, आज टू-व्हीलरचे नाहीतर फोर-व्हीलरचे पार्ट करतोय, एका कस्टमरवर धंदा टांगलेला आहे आणि रेट दरवर्षी खालीच चाललाय, त्याच्यासाठी हे आहे.

आधी काम देतंय कोण ते बघा. २०२० ला केंद्रानं प्रायव्हेट कंपन्यांना स्पेसमध्ये यायची परवानगी दिली, त्यासाठी इन-स्पेस नावाची संस्था काढली, तिचं ऑफिस अहमदाबादला आहे. मग हैदराबादच्या स्कायरूटनं १८ नोव्हेंबर २०२२ ला विक्रम-एस रॉकेट उडवलं, चेन्नईच्या अग्निकुलनं ३० मे २०२४ ला श्रीहरिकोट्यातल्या स्वतःच्या लाँचपॅडवरून थ्रीडी प्रिंटेड इंजिनवालं रॉकेट उडवलं, बेंगळुरूच्या पिक्सेलचे सॅटेलाईट जानेवारी २०२५ मध्ये स्पेसएक्सच्या रॉकेटवर बसून वर गेले. इस्रो स्वतः पण काम बाहेर द्यायलीय, पाच पीएसएलव्ही रॉकेट बनवायचं काम २०२२ मध्येच एचएएल आणि एल अँड टीच्या जोडीला गेलं. आणि आपल्या महाराष्ट्रात गोदरेजचं विक्रोळी आणि इंदापूरकडचं वालचंदनगर ही दोन नावं इस्रोच्या कामात कितीतरी वर्षांपासून आहेत.

पण माझं स्पष्ट मत, रॉकेटच्या मागं लागू नका, सॅटेलाईटच्या मागं लागा. स्पेसएक्सनं २०२४ मध्ये १३० च्या वर उड्डाणं केली पण त्यांचा खालचा बूस्टर परत येतो आणि परत वापरला जातो, म्हणजे उड्डाणं वाढली तरी नवीन बूस्टर त्या हिशोबानं लागत नाहीत. सॅटेलाईट मात्र स्पेसएक्सच्याच इंटरनेटवाल्या स्टारलिंकसारखे हजारोंनी लागायलेत, त्यांचं आयुष्य थोड्या वर्षांचं, मग नवीन लागतात, आणि त्यात ॲल्युमिनियमचे ब्रॅकेट, डबे, पॅनेलचे इन्सर्ट (स्क्रू बसवायला आत घातलेले धातूचे तुकडे) असलं आपल्या ओळखीचं मशिनिंग भरपूर असतंय. थ्रीडी प्रिंटिंगमुळं आपलं काम जाईल अशी भीती काहींना वाटते, पण प्रिंट झालेल्या पार्टचे फ्लँजचे फेस, थ्रेड आणि सीलिंगची जागा शेवटी मशिनवरच करावी लागते.

आता सुरुवात कुठून करायची. सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे आधी एएस९१०० हे एरोस्पेसचं क्वालिटी सर्टिफिकेट घ्यायचं, मग पाच दिशांनी कापणारं महागडं फाईव्ह ॲक्सिस मशीन घ्यायचं, मग ऑर्डरची वाट बघत बसायची. असं केलं तर ऑर्डरच्या आधी बँकेचा हप्ता येतो. सुरुवात जे उडत नाही तिथून करा. एका सॅटेलाईटच्या मागं जमिनीवरचं सामान किती असतंय, उचलायचे फिक्स्चर, ट्रॉली, व्हायब्रेशन टेस्टला लागणारी जाड प्लेट, ड्रिल जिग, पॅकिंगचे स्टँड. ह्याला उडणाऱ्या पार्टएवढी कागदपत्रं लागत नाहीत, कस्टमरला तुमचा अंदाज येतो आणि तुम्हाला त्याच्या सवयी कळतात. आयएसओ ९००१ हे क्वालिटीचं साधं सर्टिफिकेट असलं तर बऱ्याच ठिकाणी तेवढ्यावर सुरुवात होते. ऑटोवाल्यांकडं आयएटीएफ (गाड्यांच्या पार्टचं क्वालिटी सर्टिफिकेट) असतंयच, म्हणजे निम्मी शिस्त अंगात आहे.

दुसरी वाट म्हणजे थेट कंपनीकडं न जाता हैदराबादच्या नाहीतर पुण्याच्या जे मशीन शॉप आधीच एरोस्पेस करतेत त्यांचं ओव्हरफ्लो काम धरणं. रेट कमी मिळेल पण त्यांची क्वालिटीची माणसं तुम्हाला फुकटात शिकवून जातेत. हैदराबाद आपल्याला जवळच आहे, रात्री संभाजीनगरहून अजिंठा एक्सप्रेस धरली की सकाळी तिथं. मुंबईवाल्यांपेक्षा आपल्याला हे सोपं आहे आणि ह्याचा फायदा कुणी घेत नाही.

आता मुद्द्याचं, ट्रेसेबिलिटी, म्हणजे पार्टचा मागोवा. ऑटोत आपण टॉलरन्सवर (मापात किती फरक चालतो त्यावर) भांडतो, इथं कागदावर भांडण होतं. पार्ट हातात घेतल्यावर तो कुठल्या बारमधून आला, त्या बारचा हीट नंबर (धातूच्या कुठल्या वितळवणीतला ते सांगणारा नंबर) काय, मिलचं टेस्ट सर्टिफिकेट कुठंय, कुठल्या मशिनवर कुणी केला, कुठल्या मायक्रोमीटरनं मापला आणि त्याचं कॅलिब्रेशन कधीपर्यंत व्हॅलिड होतं, एवढं सगळं दोन वर्षांनी पण सांगता आलं पाहिजे. हे ऐकायला सोपं आहे पण शेडमध्ये कुठं मोडतं ते सांगतो. बारच्या एका टोकाला हीट नंबर पंच केलेला असतो. हेल्पर बँडसॉवर बार लावतो आणि जे टोक जवळ येईल तिकडून कापतो. नंबरवाला तुकडा गेला जॉबमध्ये, आणि राहिलेला मीटरभर बार आता बिननावाचा झाला. सर्टिफिकेट फाईलमध्ये असून उपयोग नाही कारण हा बार त्याच सर्टिफिकेटचा आहे हे सिद्ध कसं करणार, महागाचा बार भंगारात. म्हणून नियम एकच, नंबर नसलेल्या टोकाकडून कापायचं आणि कापलेल्या तुकड्यावर नंबर लगेच उतरवायचा, जेवणाच्या सुट्टीनंतर नाही. पेंटचा रंग ठरवून घ्या, ॲल्युमिनियमच्या ६०६१ ग्रेडला एक, २०१४ ग्रेडला दुसरा, आणि ऑटोच्या मटेरियलच्या रॅकपासून हे रॅक लांब ठेवा, जमलं तर कुलपात.

पहिल्या पार्टचं फर्स्ट आर्टिकल इन्स्पेक्शन करावं लागतं, एएस९१०२ ह्या एरोस्पेसच्या ठरलेल्या फॉर्मवर. ऑटोतलं पीपीएपी (नवीन पार्टच्या मंजुरीची कागदपत्रं) केलेल्या माणसाला हे जड नाही. ड्रॉईंगवरच्या प्रत्येक मापाला, प्रत्येक नोटला गोल करून नंबर द्यायचा आणि प्रत्येक नंबरसमोर खरं आलेलं माप लिहायचं. "ओके" लिहून चालत नाही, आकडा पाहिजे. कोपऱ्यातली नोट पण मोजायची, शार्प एज मोडा असं लिहिलंय तर ती एज किती मोडली ते सुद्धा. ड्रॉईंगची रिव्हिजन बदलली, मशीन किंवा प्रोसेस बदलली, जागा बदलली, किंवा दोन वर्षं तो पार्ट केलाच नाही, तर जिथं जिथं फरक पडतो तेवढं परत करायचं.

आपल्याकडचा एक खास प्रॉब्लेम म्हणजे उन्हाळा. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये ४० डिग्री सहज असतंय. ॲल्युमिनियम एका डिग्रीला एका मीटरमागं साधारण २३ मायक्रॉन वाढतं, म्हणजे २०० मिमीचा तुकडा २० डिग्रीला जेवढा असतो त्यापेक्षा ४० ला जवळपास ९० मायक्रॉन मोठा असतो. स्टीलचं मायक्रोमीटर पण तापतं पण ते साधारण निम्मंच वाढतं, त्यामुळं शेडमध्ये मापताना पार्ट मोठा दिसतो, ऑपरेटर अजून एक कट मारतो आणि सीएमएमच्या (बारीक मापं घेणाऱ्या मशिनच्या) एसी रूममध्ये गेल्यावर तो अंडरसाईज निघतो. फिनिश कट सकाळी लवकर घ्या, पार्ट मापायच्या आधी एसी रूममध्ये काही तास पडू द्या. स्वतःचं सीएमएम नसलं तर वाळूजच्या मराठवाडा ऑटो क्लस्टरला आणि चिकलठाण्याच्या इंडो-जर्मन टूल रूमला जाऊन चौकशी करा, लगेच मशीन विकत घेऊ नका. टूल रूमवरून आठवलं, भुवनेश्वरची सरकारी टूल रूम इस्रोच्या चंद्रयानाला पार्ट देऊन बसलीय, म्हणजे आडबाजूच्या गावाला हे जमत नाही असं काही नाही.

मटेरियलचं थोडक्यात. पातळ भिंतीचा डब्बा करायचा असेल तर ६०६१ ची टी६५१ प्लेट घ्या, ती ताणून स्ट्रेस काढलेली असते, नाहीतर ८०-९० टक्के माल काढल्यावर जॉब वाकडा होणारच. तरी रफिंग करून क्लॅम्प सोडा, थोडं बसू द्या, मग फिनिश करा. टायटॅनियमला क्लोरीनवालं कूलंट वापरू नका. झिंक आणि कॅडमियम प्लेटिंग सॅटेलाईटच्या पार्टला चालत नाही, व्हॅक्यूममध्ये ते उडून दुसरीकडं जाऊन बसतं, म्हणून ड्रॉईंगमध्ये जे फिनिश सांगितलंय तेच, "आपल्याकडचं चांगलं प्लेटिंग" नको. आणि लिक्विड ऑक्सिजनच्या लाईनमधला पार्ट असेल तर बर (कापल्यावर राहिलेली धातूची बारीक कड) आणि तेल ह्या दोन गोष्टी शत्रू समजा. आडव्या भोकांच्या आत जिथं दोन ड्रिल एकमेकांना मिळतात तिथं बारीक बर राहतो, डोळ्याला दिसत नाही, बोरोस्कोप (भोकात घालायचा बारीक कॅमेरा) घालून बघावं लागतं. तो सुटून व्हॉल्व्हमध्ये अडकू शकतो, आणि ऑक्सिजनमध्ये तेलाचा अंश राहिला तर पेट घेतो.

भोक मोठं झालं तर? ऑटोत कधी कधी बुश ठोकून, वेल्डिंग भरून निभावून नेतेत. इथं हात लावायचा नाही. एनसीआर (पार्ट ड्रॉईंगप्रमाणं नाही असा रिपोर्ट) काढा, कस्टमरला फोटो आणि माप पाठवा, तो वापरायचं का टाकायचं ते ठरवतो. न सांगता दुरुस्ती केलेली सापडली तर त्या कंपनीचं दार कायमचं बंद, आणि ह्या लाईनीत सगळे एकमेकांना ओळखतेत.

रेट कसा काढायचा, इथं लई लोक बुडतेत. सायकल टाईम गुणिले मशीन रेट ही सवय लाखाच्या क्वांटिटीची आहे. समजा ८ नग ब्रॅकेट आहेत, एकाला दीड तास कटिंग, म्हणजे १२ तास. पण प्रोग्रॅमिंगला ५, फिक्स्चर आणि सॉफ्ट जॉला (पार्टच्या आकाराला कापून घेतलेल्या पकडीला) ६, पहिला पीस सिद्ध करायला ५, इन्स्पेक्शन आणि कागदपत्रांना १०, असे २६ तास वेगळेच. १२ तासांचं कोटेशन दिलं की ३८ तासांचं काम अंगावर. एक जास्तीचा पीस पण धरा. टायटॅनियम किंवा इनकोनेल (निकेलचा महाग मिश्रधातू) असेल तर मटेरियल कंपनीकडूनच मागा, आणि पीओमध्ये (खरेदीच्या ऑर्डरमध्ये) नीट वाचा की रिजेक्ट झालं तर मटेरियलचे पैसे कुणी भरायचे.

पैशाचं बोलायचं तर स्टार्टअप फंडिंगवर चालतेत, फंडिंग लांबलं की तुमचं बिल पण लांबतं. लहान उद्योगांचं सरकारी उद्यम रजिस्ट्रेशन करून ठेवा, कायद्यानं सूक्ष्म-लघु उद्योगाला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतेत आणि नाही दिले तर सरकारकडं ऑनलाईन तक्रार करता येते. अर्थात तक्रार केल्यावर पुढची ऑर्डर येत नसते हे तुम्हालाही माहीत आहे, म्हणून पहिल्या दोन-तीन ऑर्डरी ॲडव्हान्सवर घ्या आणि ह्या कामाचा हिस्सा सुरुवातीला थोडाच ठेवा, ऑटोचं काम सोडू नका.

ड्रॉईंग आलं की ते व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरवायचं नाही, पार्टचा फोटो स्टेटसला टाकायचा नाही, पोरांना हे आधीच सांगून ठेवा कारण त्यांचा उत्साह आपल्याला माहीत आहे. एनडीए (माहिती गुप्त ठेवायचा करार) तर असतोच, शिवाय एरोस्पेसचे बरेच पार्ट आणि त्यांची ड्रॉईंगसुद्धा स्कोमेट यादीत (निर्यातीवर नियंत्रण असलेल्या वस्तूंच्या सरकारी यादीत) येतात, बाहेरच्या देशात पाठवायला डीजीएफटी ह्या केंद्राच्या परदेशी व्यापाराच्या खात्याचं लायसन्स लागतं, नुसतं ईमेलनं ड्रॉईंग पाठवणं पण त्यात धरतात.

पहिला मेल करताना कंपनीचा इतिहास आणि उद्घाटनाचे फोटो पाठवू नका. एक पान पुरे. मशीन कुठल्या, ट्रॅव्हल (मशीन किती अंतर सरकतं ते) किती, कुठलं मटेरियल केलंय, मापायला काय आहे, सर्टिफिकेट कुठलं. सोबत तुमच्या आत्ताच्या कुठल्याही अवघड पार्टचा एएस९१०२ च्या फॉर्मवर भरलेला नमुना रिपोर्ट जोडा, कस्टमरचं नाव झाकून. पर्चेसवाल्यापेक्षा तो तिथल्या मॅन्युफॅक्चरिंग इंजिनिअरपर्यंत पोचवा, त्याच्याकडं कुणी घेत नसलेले चार-सहा नगांचे जॉब नेहमी पडलेले असतेत, आणि त्यातलाच एक मागून घ्या.