छोट्या लेथला मागचा चक बसवताना

क्यूचा (पूल खेळायच्या काठीचा) दांडा साधारण 29 इंच लांब. लेथच्या पुढच्या चकमध्ये (पकडीत) धरला की उरलेला भाग स्पिंडलमधून (लेथच्या फिरणाऱ्या पोकळ दांड्यातून) मागे लोंबतो आणि लेथ चालू होताच चाबकासारखा फिरतो. म्हणून स्पिंडलच्या मागच्या टोकाला दुसरा चक हवाच.

आधी स्पिंडलचं बोअर, म्हणजे आतलं भोक, मोजा. क्यूची मूठ बुडाशी सव्वा इंचाच्या आसपास असते. 20 मिमी बोअरच्या मिनी लेथमधून ती जाणारच नाही, तिथे हा खटाटोप करू नका.

सगळी करामत ॲडॉप्टरमध्ये, म्हणजे चक स्पिंडलला जोडणाऱ्या तुकड्यात, आहे. त्याचं आतलं बोअर आणि चक बसायची कडा एकाच सेटिंगमध्ये टर्न करा. तुकडा उलटा करून पुन्हा धरलात, की दोन्ही एका अक्षात राहत नाहीत. बोअर स्पिंडलवर हाताने सरकेल पण डुगडुगणार नाही, इतकंच ठेवा. नुसत्या आट्यांवर भिस्त नको. लेथ उलट फिरवला तर चक सुटू शकतो. तीन-चार ग्रब स्क्रू (बिनडोक्याचे स्क्रू) द्या. मागे बेअरिंगचा नट असेल तर त्याला धक्का लावू नका.

मग चकमध्ये सरळ रॉड धरून डायल गेज लावा आणि फिरताना रॉड किती हलतो ते बघा.

लाकूड धरताना मागच्या चकचे जॉ (पकडीचे दात) हलकेच आवळा, मध्ये प्लास्टिकची चिरलेली रिंग घाला. दोन्ही चक करकचून आवळले तर दांडा वाकतो, आणि सोडल्यावर तो वाकडाच कापलेला निघतो. बाहेर आलेल्या जॉंवर गार्ड बसवल्याशिवाय मोटर सुरू करू नका. बाही तिथेच अडकते.