शॉकअप-स्प्रिंग बदलताय? आधी वजनकाट्यावर जा, आणि या चुका टाळा

माझ्या मारुती जिमनीला ५० मिमी लिफ्टचं किट, म्हणजे गाडी तेवढी उंच करणारे स्प्रिंग-शॉकअप, बसवलं आणि पहिल्याच दिवशी कात्रज बायपासला ऐंशीच्या स्पीडला स्टिअरिंग असं काही डावी-उजवीकडे भटकायला लागलं की बायकोने वरचं हँडल धरलं ते वाकड येईपर्यंत सोडलं नाही. तीनदा अलाइनमेंट केली. तिन्ही वेळा मशीनवरचा माणूस म्हणाला, "साहेब, टो एकदम परफेक्ट आहे." टो म्हणजे वरून बघितलं तर पुढची चाकं आत-बाहेर किती वळलीयेत ते, आणि तो खरं बोलत होता. घोळ ऑर्डर देतानाच झाला होता, आणि तो माझाच होता.

पुढच्या स्प्रिंग वजनाप्रमाणे मिळतात. एक स्टॉक, म्हणजे कंपनीतून आली तशीच असलेल्या गाडीसाठी, एक थोड्या जास्तीच्या वजनासाठी, एक लोखंडी बंपर आणि विंचसाठी (अडकलेली गाडी दोराने ओढून काढणारी मोटर). मी सगळ्यात जड घेतली, का तर पुढेमागे विंच घ्यायचीच आहे. विंच आजतागायत आलेली नाही. मग झालं काय, नाकावर वजनच नाही त्यामुळे स्प्रिंग दबलीच नाही आणि ५० च्या जागी गाडी ७२ मिमी वर जाऊन बसली, आणि जिमनीचा पुढचा एक्सल (दोन्ही चाकं जोडणारा दांडा) सरळ एकसंध, चॅसिला जोडणाऱ्या आर्मला धरलेला, त्यामुळे बॉडी वर गेली की एक्सल थोडा फिरतो आणि कास्टर कमी होतो. कास्टर म्हणजे सायकलचा पुढचा चिमटा तिरका असतो ना, हात सोडले तरी सायकल सरळ जाते, तेच. तो गेला की स्टिअरिंगला सरळ राहायची सवयच जाते. टो कितीही सेट करा, काही उपयोग नाही.

म्हणून पहिली चूक हीच: दुकानात गेल्यावर सगळे "किती इंच वाढेल" विचारतात, "माझ्या गाडीचं वजन किती" हे कुणी बघत नाही. भोसरी-चाकणकडे ट्रकचे वजनकाटे पैशाला पासरी आहेत. टाकी फुल करा, जेवढी माणसं आणि सामान घेऊन वेल्हे किंवा ताम्हिणीला जाता तेवढं भरा, आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग अख्खी गाडी. वजाबाकी केली की मागचं कळतं. काटेवाला विचित्र नजरेने बघेल, बघू दे.

आता गंमत बघा. बंपर आणि विंच मिळून समजा ९० किलो, आणि ते पुढच्या एक्सलच्या साधारण ६० सेंटीमीटर पुढे लटकलंय. पाच दारी जिमनीचा व्हीलबेस २५९० मिमी. सी-सॉसारखं होतं, पुढच्या एक्सलवर ९० नाही तर ११० किलोच्या आसपास पडतात आणि मागचे वीसेक किलो उचलले जातात. स्प्रिंग रेट, म्हणजे स्प्रिंग एक मिमी दाबायला लागणारं वजन, ३ किलो असेल तर प्रत्येक बाजूला ५५ किलो म्हणजे नाक अठरा मिमी खाली. स्टॉक स्प्रिंगवर बंपर लावून "किट बेकार आहे, गाडी बसली" म्हणणाऱ्यांचं हेच होतं, फक्त माझ्या उलट दिशेने. आणि "थोडी जाड तार घेऊ, काय फरक पडतो" हेही नको. बाकी सगळं तेच ठेवून तार १० टक्के जाड केली तर स्प्रिंग ४६ टक्के कडक होते. त्यात पुण्याचे स्पीडब्रेकर, जे बहुतेक कुणाच्या तरी रागातून बनवलेले असतात. रिकाम्या गाडीत जड स्प्रिंग टाकून सोसायटीतून मेन रोडपर्यंत जाऊन दाखवा.

बरं, गाडी मागून बसतेय म्हणून फक्त शॉकअप बदलणारेही खूप. वजन स्प्रिंग उचलते, शॉकअप फक्त तिचं वरखाली होणं आवरतो. उलट नवीन कडक स्प्रिंगवर जुने स्टॉक शॉकअप ठेवले की ब्रेकरनंतर गाडी दोन-तीनदा डुलत राहते, कारण त्या जोराला आवरण्याएवढी ताकद त्यांच्यात नसते. दोन्ही एकमेकांना जुळणारे घ्या, शक्यतो एकाच सेटमधले.

मोनोट्यूबचं, म्हणजे एकाच नळीच्या शॉकअपचं, वेड हा वेगळाच विषय. खडबडीत रस्त्यावर बराच वेळ पळवलं की ट्विन ट्यूबमध्ये (एकात एक दोन नळ्या) तेल तापतं, त्यात हवा मिसळून फेस होतो आणि शॉकअप मऊ पडतो. मोनोट्यूबमध्ये गॅस वेगळा कोंडलेला असतो म्हणून तो जास्त टिकून राहतो, हे खरंय. पण त्याची बाहेरची नळी हाच आतला सिलिंडर. सह्याद्रीतला एक टोकदार दगड लागून पोचा आला की आतला पिस्टन अडकलाच. ट्विन ट्यूबला बाहेर हलका पोचा आला तर बरेचदा काही होत नाही. आपण वाळवंटात रेस करत नाही, शनिवारी केळद-मढे घाटाकडे जातो आणि रविवारी दुपारी जेवायला घरी येतो. मी ट्विन ट्यूबच ठेवलेत.

लांबी मात्र नक्की तपासा. शॉकअप बंप स्टॉपच्या (चाक पूर्ण वर आलं की आधार देणारा रबराचा ठोकळा) आधीच पूर्ण दबला तर प्रत्येक खड्ड्यात मार तोच खाणार आणि लवकर फुटणार. सोपी युक्ती आहे, बंप स्टॉपवर कणकेचा गोळा चिकटवा, एक चाक मोठ्या दगडावर चढवा आणि मग बघा. कणीक चपटी झालीच नाही आणि शॉकअप मात्र संपलाय, तर तो लांब आहे. चाक खाली लटकवून ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर ताणली जातेय का तेही त्याच वेळी बघून घ्या, हे गॅरेजमध्ये सर्रास विसरतात.

बसवताना होणारी सगळ्यात कॉमन चूक म्हणजे गाडी लिफ्टवर, चाकं लटकलेली, आणि तशीच आर्मच्या बुशचे (सांध्यातल्या रबरी नळ्यांचे) बोल्ट आवळून टाकणं. रबर त्याच पोझिशनला पकडलं जातं, गाडी खाली ठेवली की कायम पिळलेलं राहतं, राइड कडक लागते आणि काही महिन्यांत बुश फाटतात. बोल्ट हाताने लावा, गाडी चाकांवर उभी करा, ढकलून हलवा, मग टॉर्क द्या. मिस्त्री कंटाळा करतील. चहा पाजा आणि समोर उभे राहा.

जुन्या थार सीआरडीईवाल्यांनो, टॉर्शन बार (स्प्रिंगच्या जागी असलेला, पीळ घेणारा दांडा) आवळून नाक वर करता येतं पण त्याने ट्रॅव्हल, म्हणजे चाकाची वरखाली हालचाल, वाढत नाही, चाक खाली जायची जागाच कमी होते आणि एक्सलचे जॉइंट वाकड्या कोनात फिरून त्यांच्यावरची रबरी टोपणं (बूट) फाटतात. जिप्सीला कमानीचे पाटे वाढवले तर ते एक्सलला बांधणारे यू-बोल्ट नवीनच टाका, जुने एकदा ताणलेले असतात.

बाकी लक्षणं पटापट. गाडी एका बाजूला झुकली तर आधी डावी-उजवी स्प्रिंग अदलाबदल झालीये का बघा, काही किटमध्ये दोन्हींची उंची वेगळी असते. हळू स्पीडला कटकट आवाज म्हणजे बहुतेक वरचा नट ढिला. शॉकअपवर तेलाचा पातळ ओलावा चालतो, थेंब पडत असेल तर गेला. लिफ्टनंतर एक्सल थोडा एका बाजूला सरकल्यासारखा दिसला तर कारण पॅनहार्ड रॉड (एक्सलला आडवं सरकू न देणारा दांडा), तो अ‍ॅडजस्टेबल घ्यावा लागेल. हेडलाइट खाली सेट करा, समोरच्याचे डोळे गेले पाहिजेत असं काही नाही. आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आरसीतली माहिती मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळी होईल असे बदल चालत नाहीत, त्यामुळे उंची अवाच्या सवा वाढवण्याआधी आरटीओला आणि इन्शुरन्सवाल्यांना विचारून घ्या.

मी शेवटी पुढची स्प्रिंग हलकी केली आणि कास्टर करेक्शनचे बुश टाकले. पाचशे किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा आवळले. परवा हबच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत टेप लावली तर वाढ ४८ मिमी भरली. जड स्प्रिंगची जोडी गॅलरीत कुंड्यांशेजारी पडलीये, आणि विंचचा विषय घरात सध्या काढत नाही.